गोदामाचे छप्पर आणि थंडीचे दिवस

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर आपण एरवी बेणे, लागण, हुमणी, पाचट यांविषयी बोलतो. या खेपेस विषय छपराचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने गवंड्याच्या आणि पत्रेवाल्याच्या कामात तोंड का घालावे, असे कुणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. पण सोसायटीच्या गोदामात, खताच्या दुकानात, दूध संस्थेच्या पशुखाद्याच्या खोलीत जो माल पडतो तो शेवटी आपल्याच शेतात नि आपल्याच गोठ्यात जातो, आणि तो ओला झाला की त्याची तक्रार आमच्याच टेबलावर येते. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आपल्याकडे छपराची आठवण फक्त मे महिन्याच्या शेवटी होते. वळवाचे ढग दिसले की सचिव डांबर आणतात, शिपाई पत्र्यावर चढतो, चार बोळे कोंबले जातात, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की कुठे गळते ते बघून खाली बादली ठेवली जाते. दसरा झाला, पाऊस गेला, की बादली उचलली आणि छप्पर विसरले. पण आपल्या गोदामाचे वेळापत्रक बघा. पूर्वहंगामी लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, सुरू लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, आणि मध्ये तुटलेल्या उसाचा खोडवा. म्हणजे खताची पोती सर्वांत जास्त पडलेली असतात ती नेमकी याच चार महिन्यांत. पावसाळ्यात गोदाम अर्धे रिकामे आणि सगळ्यांचे लक्ष छपराकडे. थंडीत गोदाम कैचीपर्यंत भरलेले आणि वर बघायला कुणाला सवड नाही, कारण गळीत हंगाम सुरू झालेला असतो.

थंडीत पाऊस पडत नाही हा समजही आता सोडून द्यायला हवा. मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातून परततो हे खरे. पण डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत पुणे आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि गारठा असा आला की उघड्यावरच्या मेंढ्या दगावल्या. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्रात कुणी विसरलेले नाही. शेताचे नुकसान पंचनाम्यात येते, वर्तमानपत्रात येते. गोदामात भिजलेल्या पोत्यांची नोंद फक्त सोसायटीच्या तोट्यात होते.

पाऊस नाही, मग पोती ओली कशी?

आमच्याच गटातल्या एका सोसायटीची गोष्ट सांगतो. पत्र्याचे गोदाम, चांगले उंच. जानेवारीत एके सकाळी सचिवांचा फोन आला. "साहेब, पाऊस न्हाई काय न्हाई, आन् वरच्या थराची पोती वल्ली कशी झाली?" आम्ही जाऊन पाहिले. वरच्या दोन थरांतली पोती खरेच दमट होती, युरियाचे दगड झाले होते. आम्ही लगेच निदान केले, छप्पर गळते. मिस्त्री बोलावला. त्याने दोन दिवस घालवून एकूण एक बोल्टाला डांबर लावले. शिवाय आम्हीच सांगून थप्पीवर प्लास्टिकची ताडपत्री गच्च अंथरून घेतली. आठ दिवसांनी ताडपत्री उचलली तर खालची पोती आधीपेक्षा ओली. सचिव काही बोलले नाहीत, पण त्यांनी आमच्याकडे पाहिले ते आम्हाला समजले.

चूक आमची होती. ते गळणे नव्हतेच, ते दव होते. उसाच्या पात्यावर पहाटे दव पडते तेच पत्र्याच्या आतल्या बाजूला पडते. निरभ्र रात्री उघडा पत्रा आपली उष्णता आभाळाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. आतल्या हवेत पाण्याची वाफ असतेच. हवा २० अंश सेल्सिअसवर असेल आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर पत्रा साडेचौदा अंशांच्या आसपास उतरला की त्याच्यावर थेंब धरू लागतात. आपल्याकडे पौषात पत्रा त्याच्या खालीही जातो. मग पहाटे ते थेंब पन्हळीतून घरंगळतात, पर्लिनपाशी अडतात आणि टप टप खाली पडतात. नऊ वाजता ऊन लागले की पत्रा कोरडा. दहाला गोदाम उघडणाऱ्याला वर काहीच दिसत नाही.

मग एवढी वाफ आत आली कुठून? जमिनीतून. पावसाळाभर भिजलेली जमीन थंडीतही आत ओली असते, आणि फरशीखाली ओल अडवणारा थर नसेल तर ती ओल रोज थोडी थोडी वर येते. वर आम्ही ताडपत्री गच्च घातलेली, म्हणजे थप्पीतून वर जाणारी वाफ तिच्याखालीच अडली आणि तिथेच तिचे पाणी झाले. रोग एक आणि औषध दुसरे झाले, तेही रोग वाढवणारे.

गळती आणि दव यांतला फरक ओळखणे अवघड नाही. गळतीचा डाग एका जागी असतो, बहुधा बोल्टाखाली किंवा दोन पत्र्यांच्या जोडावर, त्याला तांबूस गंजाचा ओघळ असतो, आणि तो पावसानंतरच ओला होतो. दवाचे थेंब सगळ्या पत्र्यावर सारखे धरतात, पाऊस नसताना धरतात, आणि आभाळ ढगाळ असलेल्या रात्री कमी धरतात. खात्री करायची तर पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन गोदामात जावे. हे काम शिपायावर सोडू नये, चेअरमननी स्वतः एकदा जावे.

जमिनीतून ओल येते का हे बघायची एक बिनखर्ची युक्ती आहे. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा फरशीवर पसरावा, चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी उचलून बघा. खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा फरशी काळपट झाली असेल तर ओल खालून येते आहे. अशा गोदामात पोती थेट फरशीवर टाकणे म्हणजे नुकसान मागून घेणे. खाली लाकडी फळ्या हव्यात, भिंतीपासून निदान दीड फूट अंतर हवे, आणि थप्पीचा माथा नि पत्रा यांत पुरुषभर नाही तरी तीन फूट मोकळी जागा हवी. वरून प्लास्टिक घालायचेच तर बांबूच्या आधाराने उतरते, तंबूसारखे घालावे, पोत्यांना चिकटवून नव्हे. वरचे थेंब प्लास्टिकवरून बाजूला ओघळतील आणि खालची वाफ कडेने निघून जाईल.

वाऱ्याचेही तसेच. थंडीत दुपारची हवा कोरडी असते, पहाटेची दमट. सबब दारे-खिडक्या अकरा ते चार उघड्या ठेवाव्यात आणि ऊन उतरायच्या आत बंद कराव्यात. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट चालते. दुपारी हमाल जेवायला गेले म्हणून कुलूप, आणि रात्री "हवा खेळू दे" म्हणून खिडकी उघडी. ढगाळ दमट दिवस असेल तर दुपारीही उघडू नये. नवीन गोदाम बांधणाऱ्या संस्थांनी आढ्याला वायुवीजनाची सोय आणि पत्र्याखाली उष्णतारोधक थर आधीच धरावा. जुन्या गोदामात आतून फॉइलचा थर मारून घेता येतो, पण तो पत्र्याला सलग बसला पाहिजे. मधे फटी राहिल्या तर दव त्यांच्या आत धरते आणि पत्रा कुजतो तरी दिसत नाही.

हे सगळे युरियाच्या बाबतीत जास्त महत्त्वाचे का, तेही सांगून ठेवतो. ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतून पाणी ओढू लागतो. डीएपी आणि पोटॅश त्या मानाने सोशिक. पण फुटक्या पोत्यांतला युरिया आणि पोटॅश जमिनीवर एकत्र सांडले की त्या मिश्रणाला याहून कमी आर्द्रतेतही पाणी सुटते. म्हणून सांडलेले खत रोजच्या रोज झाडून घ्यावे. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ प्रमाणे युरियात ओलावा १ टक्क्याच्या वर चालत नाही. ज्या पोत्याला पाणी लागले त्याचा नमुना उद्या नापास झाला तर जबाब विक्रेत्याने, म्हणजे सोसायटीने द्यायचा असतो.

दगड झालेला युरिया अगदी वाया जातो असे नाही. फोडून, चाळून वापरता येतो. पण तो हाताने सारखा पडत नाही, सभासद घ्यायला नाखूष असतात, आणि ज्या पोत्यातून पाणी ठिबकले त्यातले नत्र फरशीवर गेलेच समजा. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे एकरी सुमारे १०० किलो. सगळे नत्र युरियातून द्यायचे तर ४५ किलोची जवळजवळ पाच पोती लागतात. शंभर पोती भिजली तर वीस एकरांचे नत्र गेले. ती पोती कर्जावर उचललेली असतात हेही लक्षात असू द्यावे.

वर चढण्याआधी

दिवाळी आटोपली की छपराचे काम काढावे. पावसाने कुठे त्रास दिला ते अजून आठवणीत असते, डाग ताजे असतात, आणि काम करायला ऊन असते.

पहिली तपासणी खालून करायची. भर दुपारी गोदामात जाऊन सगळी दारे बंद करावीत आणि दहा मिनिटे अंधारात उभे राहावे. डोळे सरावले की पत्र्यातले प्रत्येक भोक चांदणीसारखे दिसते. जिथे उजेड दिसतो त्याच्या खाली भिंतीवर किंवा कैचीवर खडूने खूण करावी, कैचीला नंबर टाकावा. मिस्त्रीला "तिकडं कुठंतरी गळतंय" असे सांगू नये, "तिसऱ्या आणि चौथ्या कैचीच्या मधे, उत्तरेच्या अंगाला, खालून दुसरी पर्लिन" असे सांगावे. अर्धी मजुरी वाचते.

आता वर चढण्याचे. इथे आम्ही जरा थांबून लिहिणार आहोत.

जुन्या गोदामांवर बहुतेक ठिकाणी सिमेंटचे, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे पत्रे आहेत. ते खालून दणकट दिसतात. जाडी मात्र सहा मिलिमीटर. उन्हापावसात वर्षानुवर्षे राहून ते ठिसूळ होतात, आणि माणसाचा पाय पन्हळीच्या मधोमध, दोन पर्लिनींच्या मधे पडला की कसलीही सूचना न देता फुटतात. उजेडासाठी बसवलेले प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे तर त्याहून वाईट. त्यांच्यावर धूळ नि राखाडी बसली की बाकीच्या पत्र्यांत ते ओळखू येत नाहीत. काही वर्षांपूर्वी एका गावात खताच्या दुकानावर पन्हळ साफ करायला एक पोरगा चढला. वीस-बावीस वर्षांचा, चपळ. आम्ही खाली रस्त्यावर दुकानदाराशी बोलत उभे होतो. वर चालल्याचा आवाज येत होता, तो एकदम थांबला आणि आत दुकानात धप्पकन आवाज झाला. चौदा फुटांवरून तो पेंडीच्या पोत्यांवर पडला म्हणून जिवंत राहिला. खुबा मोडला. आज तो बरा आहे, पण ऊसतोडीला जात नाही, जाऊ शकत नाही. त्या दिवशी "जरा जपून रे" एवढे तरी आम्ही वर बघून म्हटले होते. जपून म्हणजे कसे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

तेव्हा जपून म्हणजे असे. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. छपरावर आढ्याला अडकणारी आकड्याची शिडी टाकायची, नाहीतर निदान तीन पर्लिनींवर टेकेल अशी रुंद फळी बांधून घ्यायची, आणि फळीवरूनच सरकायचे. पर्लिन कुठे आहे ते बोल्टांच्या रांगेवरून कळते. कमरेला दोर, आणि दोराचे दुसरे टोक पक्क्या कैचीला, माणसाच्या हातात नव्हे. एकट्याने चढायचे नाही. दव सुकल्याशिवाय, म्हणजे दहाच्या आत चढायचे नाही, कारण शेवाळलेला ओला पत्रा साबणासारखा असतो. चढण्याआधी पारदर्शक पत्रे खालून मोजून घ्यावेत आणि त्यांच्या जागी वर लाल रंगाची फुली मारण्याचे काम सर्वांत आधी करावे. छपरावरून विजेची तार गेली असेल तर आधी वायरमनला सांगावे.

ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसाला घातक आहे, तिच्याने कॅन्सर होतो. म्हणून असा पत्रा कोरडा घासू नये, करवतीने कोरडा कापू नये, फुटलेले तुकडे झाडूने उडवू नयेत. पाणी मारून, ओले करून उचलावे आणि पिशवीत बांधून ठेवावे. अंगणात तुकडे टाकून पोरांना खेळायला ठेवू नयेत. बदलायचाच झाला तर लोखंडी रंगीत पत्रा घालावा.

पन्हळ, बोल्ट आणि कडा

कारखान्याच्या आसपास ज्यांची दुकाने नि गोदामे आहेत त्यांना एक जादा त्रास आहे तो आमच्यामुळेच. बॉयलर पेटला की काजळी उडते, वाऱ्याने बगॅसचा भुसा येतो, पाचटाची पाने येतात. हे सगळे पन्हळीत साठते, त्यावर दव पडते आणि त्याचा लगदा होतो. लगदा पत्रा खातो आणि पाणीही अडवतो. इतर गावांत पन्हळ वर्षातून एकदा साफ केली तर चालेल. कारखान्याच्या पंचक्रोशीत दिवाळीनंतर एकदा आणि संक्रांतीच्या सुमारास पुन्हा एकदा करावी.

पन्हळ तुंबल्यावर किती पाणी अंगावर येते त्याचा हिशोब करून बघा. २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद गोदाम म्हणजे २०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. अवकाळीचा एकच २५ मिलिमीटरचा सडाका आला तर ५,००० लिटर, म्हणजे दहा हजारांच्या टँकरचा निम्मा, अर्ध्या तासात. दोन्ही अंगांची पन्हळ मोकळी असेल तर ते निघून जाते. नसेल तर भिंतीवरून आत येते, आणि भिंतीला टेकवलेली पोती पहिली भिजतात. पन्हळीला मीटरमागे अर्धा सेंटीमीटर तरी उतार हवा. बादलीभर पाणी ओतून बघावे, मधे थांबले तर त्या जागचा आकडा वर उचलावा.

बोल्टाचे म्हणाल तर भोक नेहमी पन्हळीच्या माथ्यावर असावे, खोलगटात नव्हे. हे सगळ्यांना माहीत असते आणि तरीही दर चार गोदामांमागे एकात खोलगटातले भोक सापडते. जे-बोल्टाखालचा डांबरी वायसर सुकून तडकलेला असेल तर बदलावा, वरून डांबर फासू नये. डांबर दोन उन्हाळ्यांत सुटते. स्क्रूने बसवलेल्या पत्र्यावर रबरी वायसर बघावा. बोल्ट आवळताना बेताने, सिमेंटचा पत्रा जास्त आवळला की बोल्टाभोवती तडकतो. दोन पत्र्यांची चढण निदान अर्धा फूट हवी.

कडेचे आणि कोपऱ्याचे बोल्ट मात्र एकेक हाताने हलवून बघावेत. अवकाळीच्या आधी जी वावटळ येते ती छपराच्या कडांना वर ओढते. उडालेल्या छपरांची सुरुवात बहुतेक वेळा कोपऱ्याच्या एका ढिल्या बोल्टापासून होते. पत्र्यावर विटा, दगड, जुनी टायरे ठेवायची पद्धत आहे ती बंद करावी. उडालेल्या पत्र्याबरोबर दगडही उडतो.

गारा पडून गेल्यावर पुन्हा एकदा अंधारात उभे राहून बघणे. सिमेंटच्या पत्र्याला केसाएवढी चीर जाते, ती वरून दिसत नाही.

रंग मारायचा असेल तर थंडीत एक पथ्य आहे. सकाळी पत्रा सुकल्यावर सुरू करावे आणि तीनच्या सुमारास थांबावे. संध्याकाळी पाचला मारलेल्या रंगावर रात्री दव पडते आणि तो महिन्याभरात पापडासारखा सुटतो. मग रंगाच्या कंपनीला दोष देतात.

स्लॅब असेल तर

दुकानांच्या गाळ्यांवर स्लॅब असतो. स्लॅबला थंडीत दव फारसे त्रास देत नाही, भेगा देतात. दुपारचे ऊन आणि पहाटेचा गारवा यांत स्लॅबच्या पृष्ठभागाला २५ अंशांचा फरक धरला तर २० मीटर लांबीचा स्लॅब सुमारे ५ मिलिमीटर आखडतो नि पसरतो. रोज. म्हणून भेगेत नुसते सिमेंट भरले की ते शेजारी पुन्हा तडकते. भेग छिन्नीने इंग्रजी व्ही आकारात मोकळी करावी, धूळ काढावी आणि लवचीक सीलंट भरावा. हे थंडीत, दुपारी, कोरड्या स्लॅबवर केलेले चांगले. थंडीत भेग उघडलेली असते, त्या वेळी भरलेला मसाला उन्हाळ्यात दाबला जातो, ताणला जात नाही.

कठड्याच्या सांध्यात उगवलेला पिंपळ कोयत्याने छाटून उपयोग नाही, मुळासकट काढून ती जागा भरून घ्यावी. पाइपाच्या तोंडाला जाळी बसवावी. दुरुस्ती झाल्यावर पाइपाचे तोंड बंद करून इंचभर पाणी एक दिवस-रात्र साठवून बघावे आणि मगच मिस्त्रीचे बिल द्यावे. हा क्रम बदलू नये.

शेतकी खात्याने आकड्याच्या दोन शिड्या, दोर आणि कमरपट्टे गट ऑफिसात ठेवले आहेत. सोसायट्यांनी, दूध संस्थांनी आणि दुकानदार सभासदांनी लेखी नोंद करून ते घेऊन जावेत, भाडे नाही. परत करताना दोर आणि पट्टाही सोबत आणावा. मागच्या साली एका ठिकाणाहून शिडी तेवढी परत आली, दोर अजून यायचा आहे.